एका प्रश्नापुरती विमानं



नासा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रॉकेट, चंद्रावरचा बुटाचा ठसा, मंगळावर फिरणारी सहा चाकांची गाडी. पण नावाची फोड करून बघा. नॅशनल एरोनॉटिक्स अँड स्पेस ॲडमिनिस्ट्रेशन. म्हणजे विमानविद्या आधी आणि अवकाश नंतर. याला कारण आहे. १९५८ साली नासा सुरू झाली ती काही कोऱ्या पाटीवर नाही. १९१५ पासून अमेरिकेत 'नॅका' नावाची सरकारी संस्था विमानांवर संशोधन करत होती. तिचीच माणसं, तिच्याच प्रयोगशाळा, तिचेच विंड टनेल नासाच्या पदरात पडले. त्यांच्याबरोबर आलं कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातलं एक केंद्र, एडवर्ड्स हवाई तळावरचं. आज त्याला नील आर्मस्ट्राँगचं नाव आहे. का, ते पुढे येईलच.

या केंद्राच्या दारात रॉजर्स नावाचं कोरडं सरोवर आहे. शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठी, कडक चिखलाची, टेबलासारखी सपाट जमीन. हिवाळ्यात थोडं पाणी साचतं, वारा ते इकडून तिकडे ढकलतो आणि आधीच्या भेगा आपोआप लिंपल्या जातात. कुठल्याही दिशेनं या, उतरा. विमानात बिघाड झाला तर पळायला जागा आहे. म्हणून जगातली सगळ्यात चमत्कारिक विमानं इथं उडाली.

आजचा भाग त्यातल्या मोजक्या विमानांबद्दल आहे. ऐकताना फोटो दिसत नाहीत, म्हणून प्रत्येकाचा आकार आधी शब्दांत सांगतो. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच. यातलं एकही विमान या प्रयोगांत 'चांगलं विमान' म्हणून उडवलेलं नव्हतं. कुणाला कुठं न्यायचं नव्हतं, माल वाहायचा नव्हता, लढायचं नव्हतं. कागदावरच्या गणितानं आणि विंड टनेलनं ज्याचं उत्तर मिळेना, असा एखादा प्रश्न घेऊन हे विमान वर जायचं. उत्तर मिळालं की त्याचं काम संपलं.

पहिलं विमान बिनपंखी.

पन्नाशीच्या दशकातला प्रश्न असा होता की अवकाशातून माणूस परत आणायचा कसा. ताशी सत्तावीस-अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं वातावरणात शिरताना पुढची हवा प्रचंड तापते. आपल्याला वाटतं, टोकदार वस्तू हवा सहज कापेल. पण नॅकाच्या एम्स केंद्रातल्या हार्वे ॲलन यांनी दाखवलं की इथं बोथट आकारच बरा. बोथट तोंडापुढे हवेची दाट लाट तयार होते, यानापासून थोडी लांब राहते, आणि बरीचशी उष्णता यानाला न लागता हवेतच जाते. त्यातून आल्या कॅप्सूल. पण कॅप्सूलची अडचण अशी की ती पॅराशूटला लटकून जिथं पडेल तिथं पडते, समुद्रात. मग तिला शोधायला अख्खं आरमार.

एम्समध्येच आल्फ्रेड एगर्स यांनी एक मधला मार्ग सुचवला. बोथट टोकाचा शंकू घ्या आणि उभा मधोमध चिरा. अर्धा शंकू. वरची बाजू सपाट, खालची गोलसर. पंख नाहीत, पण या धडाखालूनच थोडी उचल मिळेल आणि यान हव्या त्या दिशेला वळवता येईल. याला म्हणतात लिफ्टिंग बॉडी. आता प्रश्न उरला शेवटच्या दोन मिनिटांचा. अवकाशातून सुखरूप आलं, सगळं ठीक, पण हा अर्धवट शंकू कमी वेगात माणसाच्या हातात राहील का? जमिनीवर उतरवता येईल का? बहुतेकांचं मत होतं, नाही.

एडवर्ड्सला डेल रीड नावाचा इंजिनिअर होता, मॉडेल विमानांचा नादिष्ट. त्यानं आधी कागदाचा अर्धा शंकू घडी घालून भिरकावला. मग बाल्सा लाकडाचं मॉडेल केलं, ते दुसऱ्या मोठ्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानाला लटकवून वर नेलं आणि सोडलं. त्याच्या बायकोनं, डोनानं, घरच्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यानं ते चित्रित केलं. ती फिल्म त्यानं केंद्राचे संचालक पॉल बाइकल यांना दाखवली.

बाइकल हे प्रकरण समजून घ्यायला हवं. हा माणूस स्वतः ग्लायडरवाला. १९६१ साली इंजिन नसलेल्या ग्लायडरमधून चौदा किलोमीटरच्या वर जाऊन यांनी जागतिक विक्रम केला होता. म्हणजे आपलं प्रवासी विमान जिथून उडतं त्याच्याही वर. अशा माणसाला लाकडी, बिनइंजिनाचं यान दाखवलं तर तो काय म्हणणार? त्यांनी वॉशिंग्टनच्या मुख्यालयाला न विचारता केंद्राच्याच पैशातून, साधारण तीस हजार डॉलरमध्ये हे करायला सांगितलं. सरकारी खात्यात काम केलेल्या श्रोत्यांना यातलं धाडस जास्त कळेल. विमान पडलं असतं तर पहिला प्रश्न 'कुणाच्या परवानगीनं?' हाच आला असता.

आतला पोलादी नळ्यांचा सांगाडा केंद्राच्या वर्कशॉपमध्ये जोडला. बाहेरचं प्लायवूडचं कवच जवळच्या एल मिराज इथल्या गस ब्रिगलेब या ग्लायडर बनवणाऱ्या कारागिरानं केलं. यानाचं नाव एम२-एफ१. दिसायला कसं? मोठा आंघोळीचा टब, वर झाकण, मागे दोन उभे फाळके, बाजूला हत्तीच्या कानासारख्या दोन झडपा. वजन साधारण साडेचारशे किलो.

आणि हे उडवायचं कसं? मोटारीला दोरी बांधून! केंद्रानं १९६३ ची पाँटियाक कॅटॅलिना घेतली, उघड्या टपाची. शर्यतीच्या गाड्या तयार करणाऱ्या एका गॅरेजातून तिचं इंजिन वाढवून आणलं. मागे बघत बसता यावं म्हणून सीट उलटी फिरवली, उलटली तर जीव वाचावा म्हणून लोखंडी कमानी बसवल्या. दाराखाली रीतसर नासाचं नाव. सरोवराच्या तळावरून ताशी पावणेदोनशे किलोमीटरनं ही गाडी धावतेय आणि मागे दोरीला लाकडी टब. टबात मिल्ट थॉम्पसन, नासाचा मुरलेला वैमानिक.

मार्च १९६३ मधल्या पहिल्या प्रयत्नात नाक जरा उचललं की टब एका चाकावरून दुसऱ्या चाकावर उड्या मारायला लागायचा. थॉम्पसननं जमीन सोडायचंच नाही असं ठरवलं, आणि शहाणपणा केला. मग हे यान एम्सच्या मोठ्या विंड टनेलमध्ये नेलं, आत माणूस बसवून वारा सोडला. सुकाणूची दांडी कुठल्या पृष्ठभागांना जोडायची ते बदललं. ५ एप्रिलला ते सरळ उडालं, अगदी जमिनीलगत. असे मोटारीच्या दोरीवरचे शेकडो प्रयोग झाल्यावर १६ ऑगस्ट १९६३ ला जुन्या डाकोटा जातीच्या सी-४७ विमानानं त्याला १२,००० फुटांवर ओढत नेलं आणि थॉम्पसननं दोरी सोडली.

इथं एक आकडा लक्षात घ्या. चांगलं ग्लायडर एक मीटर खाली येताना तीस-चाळीस मीटर पुढे जातं. हे यान तीन मीटरही जात नव्हतं. म्हणजे जवळजवळ धोंडाच, फक्त वळवता येणारा. बारा हजार फुटांवरून खाली यायला जेमतेम दोन मिनिटं लागली. नाक खाली करून जमिनीकडे सूर मारायचा, वेग साठवायचा आणि शेवटच्या क्षणी नाक उचलून त्या वेगाच्या बदल्यात मऊ उतरायचं. चूक झाली तर दुसरी संधी नाही. थॉम्पसन व्यवस्थित उतरला.

लाकडी यानाचं उत्तर 'हो' आलं. मग पैसे आले, मुख्यालय खूश झालं, आणि धातूची जड यानं बनली. ती बी-५२ या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून सोडायची. आणि इथं गोष्ट गंमतीची राहत नाही.

१० मे १९६७. एम२-एफ२ या धातूच्या यानात ब्रूस पीटरसन होता. उतरताना यान दोन्ही बाजूंना झोके घ्यायला लागलं. ते त्यानं आवरलं, पण त्या गडबडीत ठरलेली धावपट्टी बाजूला राहिली. सरोवराच्या कोऱ्या पृष्ठभागावर उंचीचा अंदाज यायला काही खूणही नव्हती, त्यात समोर बचाव पथकाचं हेलिकॉप्टर दिसलं. चाकं पूर्ण बाहेर यायच्या आत यान जमिनीला टेकलं आणि ताशी चारशे किलोमीटरच्या वेगात सहा कोलांट्या खाल्ल्या. पीटरसन वाचला. पण नंतर जंतुसंसर्गानं त्याचा एक डोळा गेला. याच अपघाताची फिल्म पुढे 'द सिक्स मिलियन डॉलर मॅन' या गाजलेल्या अमेरिकन मालिकेच्या सुरुवातीला वापरली. म्हणजे स्वतःचा अपघात त्याला वर्षानुवर्षं टीव्हीवर करमणूक म्हणून दिसत राहिला. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

इंजिनिअरांनी मोडकं यान पुन्हा बांधलं, मागच्या दोन उभ्या फाळक्यांच्या मध्ये तिसरा बसवला, आणि झोक्यांचा आजार गेला. तेच यान एम२-एफ३ नावानं १९७० पासून उडालं. एका फाळक्याचा फरक. पण तो विंड टनेलमध्ये आधी नीट दिसला नव्हता.

या सगळ्याचा उपयोग काय झाला? स्पेस शटल आखताना एक मोठा वाद होता. परतताना शटलला जेट इंजिनं द्यायची का? उतरताना चुकलं तर पुन्हा वर जाता यावं म्हणून. पण ती इंजिनं आणि त्यांचं इंधन अवकाशात नेऊन परत आणायचं म्हणजे तेवढा माल कमी. लिफ्टिंग बॉडीवाले वैमानिक ठामपणे सांगत होते की इंजिन नको, आम्ही रोज बिनइंजिनाचे धोंडे उतरवतोय. ५ ऑगस्ट १९७५ ला जॉन मँकी यानं एक्स-२४बी हे यान साठ हजार फुटांवरून आणून सरोवराच्या मोकळ्या तळावर न उतरवता नेमक्या सिमेंटच्या धावपट्टीवर उतरवलं. शटल पुढे तीस वर्षं इंजिनाविना उतरत राहिलं.

आपल्याकडच्या एका बातमीशी याचा धागा जुळतो. २ एप्रिल २०२३ ला इस्रोनं कर्नाटकात चित्रदुर्गजवळ आपल्या पुनर्वापराच्या यानाचं छोटं रूप चिनूक हेलिकॉप्टरला लटकवून साडेचार किलोमीटर उंच नेलं आणि सोडलं. ते स्वतःहून धावपट्टीवर उतरलं, आत माणूस नाही. साठ वर्षांत वैमानिकाच्या जागी कॉम्प्युटर आला. पण वरून सोडून शेवटची दोन मिनिटं तपासायची रीत तीच.

आता दुसरं विमान. याला विमान म्हणणं जिवावर येतं. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा चार पायांचा सांगाडा, मधोमध उभं केलेलं जेट इंजिन, बाजूला गोल टाक्या आणि पुढे एका खोक्यात उघडा बसलेला माणूस. लोक त्याला उडता पलंग म्हणायचे. खरं नाव एलएलआरव्ही, चंद्रावर उतरण्याच्या संशोधनाचं वाहन. बेल कंपनीनं बनवलेलं.

प्रश्न काय होता बघा. चंद्राचं गुरुत्वाकर्षण आपल्या एक षष्ठांश. हेलिकॉप्टर पुढे न्यायचं तर थोडं कलवलं की जातं. चंद्रावर इंजिनाचा जोर मुळातच कमी लागतो, त्यामुळे तोच वेग घ्यायला कितीतरी जास्त कलावं लागतं, आणि थांबायला तितकंच उलट कलावं लागतं. हेलिकॉप्टरवर शिकलेला हात तिथं दगा देणार. आणि पृथ्वीवर एक षष्ठांश गुरुत्वाकर्षण आणायचं कुठून?

युक्ती अशी. मधलं जेट इंजिन अशा चौकटीत बसवलं की वाहन कसंही कललं तरी इंजिन सरळ खालीच फुंकणार. या इंजिनानं वजनाचे पाच षष्ठांश उचलून धरायचे. उरलेला एक षष्ठांश वैमानिकाच्या ताब्यात, हायड्रोजन पेरॉक्साईडच्या छोट्या रॉकेटांवर. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळतं तेच पेरॉक्साईड, फक्त नव्वद टक्के तीव्रतेचं. ते रसायनाच्या जाळीवर सोडलं की कडक वाफ होऊन जोरात बाहेर पडतं. म्हणजे वैमानिकाला जाणवायचं ते चंद्राचं वजन. आणि दांडी ते रॉकेट यांच्यामध्ये तारा-कप्प्या काही नाही, फक्त वीज. हे ध्यानात ठेवा.

३० ऑक्टोबर १९६४ ला जो वॉकर यानं ते पहिल्यांदा उचललं, जेमतेम दहा फूट. पुढे ते ह्यूस्टनला अंतराळवीरांच्या सरावासाठी गेलं. ६ मे १९६८ ला नील आर्मस्ट्राँग सराव करत असताना टाक्यांमधला हेलियमचा दाब गेला आणि तोल सांभाळणारी रॉकेटं बंद पडली. वाहन कलायला लागलं. साधारण दोनशे फुटांवर त्यानं सीटची कळ ओढली. तो पॅराशूटनं खाली येत असतानाच खाली वाहनाचा जाळ झाला. जीभ चावली गेली, एवढीच इजा. त्याच दिवशी दुपारी तो ऑफिसात टेबलाशी बसून कागद बघत होता, आणि सहकारी ॲलन बीनला अपघाताचं दुसऱ्यांकडून कळलं.

या जातीची एकूण पाच वाहनं होती. तीन आपटून जळाली. तिन्ही वेळा वैमानिक वाचले. वरिष्ठांना हा प्रकार बंद करावासा वाटत होता, आणि त्यांचं चूक होतं असं म्हणवत नाही. पण अंतराळवीरांनी सोडू दिलं नाही. आर्मस्ट्राँग जून १९६९ मध्ये, म्हणजे चंद्रावर जायच्या आदल्याच महिन्यात, पुन्हा त्यात बसला. जुलैमध्ये 'ईगल' खाली येताना कॉम्प्युटर त्याला मोठमोठ्या दगडांनी भरलेल्या विवराकडे नेत होता. त्यानं ताबा घेतला, पुढे उडत गेला आणि इंधन संपत आलेलं असताना मोकळ्या जागी उतरवलं. पुढच्या पाचही मोहिमांत शेवटचा टप्पा कमांडरनंच हातानं उतरवला, आणि त्या सगळ्यांनी याच जातीच्या वाहनावर सराव केलेला होता.

मघाशी म्हटलं, दांडी आणि रॉकेट यांच्यात फक्त वीज. तिसरं विमान तिथूनच सुरू होतं.

दिसायला हे आजच्या यादीतलं सगळ्यात साधं. एफ-८ क्रूसेडर, आरमारानं वापरून काढलेलं लढाऊ विमान. विचित्रपणा सगळा पोटात. तोवर विमानाची दांडी आणि पंखावरच्या झडपा यांच्यामध्ये तारा, कप्प्या, दांडे असायचे. सायकलच्या ब्रेकसारखं, दाबलं की पलीकडे ओढलं जातं. एडवर्ड्सच्या लोकांना वाटलं, हे सगळं काढून टाकू आणि विजेच्या संदेशांवर विमान उडवू. त्यासाठी साधी ॲनालॉग इलेक्ट्रॉनिक्स वापरावी असं ते म्हणत होते. हा प्रस्ताव घेऊन ते नासाच्या मुख्यालयात गेले तेव्हा विमानविद्येच्या खुर्चीत बसलेला अधिकारी होता नील आर्मस्ट्राँग. त्यानं विचारलं, डिजिटल कॉम्प्युटर का नाही? तेव्हा इतका भरवशाचा उडता कॉम्प्युटर कुणाला माहीत नव्हता. आर्मस्ट्राँगला माहीत होता. तो नुकताच त्याच्याच भरवशावर चंद्रावर जाऊन आला होता.

मग अपोलोचा मार्गदर्शक कॉम्प्युटर त्या एफ-८ मध्ये बसवला. वजन बत्तीस किलो, लिहिता-पुसता येणारी स्मृती फक्त दोन हजार शब्दांची. त्याचा प्रोग्रॅम बारीक चुंबकी कड्यांमधून तारा ओवून कारखान्यात अक्षरशः विणलेला असायचा. ज्या तारेचा '१' ती कडीतून, ज्याचा '०' ती बाहेरून. २५ मे १९७२ ला गॅरी क्रायरनं हे विमान उडवलं. कॉम्प्युटर बंद पडला तर मदतीला दुसरी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती, पण जुन्या तारा-कप्प्या उरल्याच नव्हत्या. विचार करा, दांडी हलवतोय आणि पलीकडे ती कशालाच बांधलेली नाही.

पुढे त्यात शटलमध्ये लागणार होते त्याच जातीचे तीन कॉम्प्युटर बसवले, आणि लवकरच त्यांची गरज पडली. २६ ऑक्टोबर १९७७ ला 'एंटरप्राइझ' हे चाचणीचं शटल पहिल्यांदा सिमेंटच्या धावपट्टीवर उतरत होतं. प्रेक्षकांत ब्रिटनचे प्रिन्स चार्ल्सही होते. जमिनीजवळ येताच शटल डुचमळायला लागलं, टेकलं, उसळलं, पुन्हा डुचमळलं. फ्रेड हेज यांच्यासारखा कसलेला वैमानिक, तरी असं झालं. कारण होतं उशीर. दांडी हलवल्यापासून शटलनं ऐकेपर्यंत क्षणभर वेळ जात होता. बाथरूममधल्या गिझरच्या नळासारखं. गरम सोडलं, येत नाही, अजून सोडलं, मग एकदम कढत. घाबरून बंद केलं की थंडगार. माणूस आणि यंत्र एकमेकांच्या मागे धावत राहतात आणि झोके वाढत जातात.

किती उशीर चालतो? हे मोजायला एफ-८ मध्ये मुद्दाम उशीर घालायची सोय केली, कमी-जास्त करता येणारी. १८ एप्रिल १९७८ ला जॉन मँकी, तोच एक्स-२४बी वाला, जादा शंभर मिलिसेकंद उशीर घालून धावपट्टीला टेकून उडायला गेला. सेकंदाचा दहावा भाग! विमान वर-खाली असं काही हिंदकळायला लागलं की ती फिल्म बघताना आपण खुर्ची घट्ट धरतो. त्यानं ते वाचवलं. या उड्डाणांवरून शटलच्या कॉम्प्युटरसाठी असा गाळणीसारखा प्रोग्रॅम तयार झाला की वैमानिक दांडीवर झटपट उलटसुलट झटके द्यायला लागला तर त्यांचा जोर आपोआप कमी व्हावा. १९८१ च्या पहिल्या शटल उड्डाणाआधी हे झालं, म्हणून बरं.

एफ-८ १९८५ पर्यंत २१० वेळा उडालं. आज मुंबईहून नागपूरला जाताना तुम्ही ज्या ए-३२० मध्ये बसता, त्याच्या वैमानिकाची छोटी दांडी कॉम्प्युटरशीच बोलते. २००१ साली पहिल्यांदा उडालेलं आपलं तेजसही असंच आहे. एअरबसनं किंवा आपल्या लोकांनी एफ-८ ची नक्कल केली असं मी म्हणत नाही, त्यांची मेहनत त्यांची. पण 'तार काढून टाकली तर माणूस मरेल का' हा प्रश्न सगळ्यात आधी वाळवंटात विचारून झाला होता.

आतापर्यंत सगळी उत्तरं 'हो' अशीच सांगितली. 'नाही' असं उत्तर आणणाऱ्या विमानांबद्दल क्वचितच बोललं जातं.

अपघातात विमानाच्या टाक्या फुटल्या की इंधनाचं धुकं होतं आणि ते पेटतं. पडण्यातून वाचलेले लोक आगीत जातात. ब्रिटन-अमेरिकेत एक उपाय निघाला होता. इंधनात असं रसायन घालायचं की ते धुकं न होता थेंबाथेंबानं गळेल. प्रयोगशाळेत झकास चाललं. अमेरिकेचं विमान वाहतूक खातं आणि नासा यांनी एक जुनं बोइंग ७२० घेतलं, त्यात हे इंधन भरलं, सीटवर पट्टे बांधून पुतळे बसवले, आणि १ डिसेंबर १९८४ ला ते रिमोटनं उडवून सरोवराच्या तळावर मुद्दाम पाडलं. चार वर्षांची तयारी. जमिनीवर बसून विमान चालवत होते फिट्झ फुल्टन. शेवटच्या क्षणी विमान किंचित तिरकं झालं, डावा पंख आधी टेकला, पंख फाडायला रोवलेला पोलादी खांब एका इंजिनात घुसला आणि आगीचा डोंब उसळला. विझवायला तासापेक्षा जास्त वेळ लागला.

वर्तमानपत्रांनी फजिती म्हणून छापलं. मला ते पटत नाही. हे इंधन सक्तीचं करायचा विचार चालू होता. ती सक्ती झाली असती तर सगळ्यांना उगीच सुरक्षित वाटलं असतं. शिवाय आतल्या कॅमेऱ्यांनी केबिनमध्ये धूर कसा भरतो, सीटचा फोम कसा पेटतो ते दाखवलं. विमानात पायाशी, जमिनीलगत दिव्यांची ओळ असते ना, धुरात दार सापडावं म्हणून? ती आणि लवकर न पेटणारी सीटची आवरणं, या नियमांना अशाच प्रयोगांनी बळ दिलं.

शेवटचं विमान एडी-१. माझं आवडतं. एक सडपातळ पांढरं विमान, दोन छोटी जेट इंजिनं, आणि वर एकच सलग पंख, मधोमध एका खिळीवर फिरणारा. उडताना आडवा असतो तसा सरळ. मग वैमानिक बटण दाबतो आणि पंख कात्रीच्या पात्यासारखा तिरका होत जातो, साठ अंशांपर्यंत. उजवीकडचं टोक पुढे, डावीकडचं मागे. बघणाऱ्याला वाटतं, विमान मोडलं.

कल्पना रॉबर्ट जोन्स यांची. हे गृहस्थ विलक्षण. कॉलेजची पदवी नाही, एकेकाळी वॉशिंग्टनच्या सरकारी इमारतीत लिफ्ट चालवायचे. पण पंख मागे वळवले तर जास्त वेगात फायदा होतो, हे अमेरिकेत १९४५ साली गणितानं मांडलं ते यांनी. आता कमी वेगात सरळ पंख बरा, जास्त वेगात वळलेला. दोन्ही पंख वेगवेगळे फिरवायचे तर दोन जड बिजागऱ्या लागतात. जोन्स म्हणाले, एकच खिळी घाला आणि अख्खा पंखच फिरवा.

बर्ट रुटान यांनी बारीकसारीक आखणी केली, फायबरग्लासचं विमान स्वस्तात झालं आणि २१ डिसेंबर १९७९ ला टॉम मॅकमर्ट्री ते घेऊन उडाला. १९८१ मध्ये पंख पूर्ण साठ अंश तिरका करून उडून झालं. एकूण ७९ उड्डाणं. सगळी हळू, ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आत. साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत विमान बऱ्यापैकी ऐकत होतं. त्यापुढे नाक उचलायला दांडी ओढली की विमान कुशीवरही वळायला लागायचं, कारण दोन बाजू सारख्या उरल्याच नव्हत्या. स्वस्त फायबरग्लासचा पंख लवचिक होता, त्यानं भर घातली. कडक पंख आणि कॉम्प्युटरची मदत दिली असती तर? तसं मोठं, वेगवान विमान बनवायचं घाटत होतं. ते झालं नाही, आणि तिरक्या पंखाचं प्रवासी विमान आजवर कुणी बनवलेलं नाही.

बे एरियात राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांसाठी सांगतो. सॅन फ्रान्सिस्को विमानतळापासून थोड्या अंतरावर सॅन कार्लोसला हिलर एव्हिएशन म्युझियम आहे. एडी-१ तिथं ठेवलंय. जवळ जाऊन वर बघा, पंखाच्या मधोमध ती फिरकी कुठं आहे ते शोधा. मुलांना घेऊन जाणार असाल तर आधी घरी कागदाचं विमान करून पंख तिरका चिकटवून उडवून बघा. ते कुठल्या बाजूला वळतं, आम्हाला कळवा.